पत्र्याखालचा पत्रा

पाऊस उघडून दोन दिवस झाले होते, तरी गाडीतला गालिचा ओला होता. सीटच्या मागच्या कोपऱ्यात हात घातला तर बोटांना गार, चिकट ओल लागली. बोटं बाहेर काढली तर त्यांवर तपकिरी पाणी. नुसतं पावसाचं पाणी असतं तर मी गालिचा वाळवला असता आणि विसरून गेले असते. तपकिरी पाणी म्हणजे ते कुठून तरी लोखंड सोबत घेऊन आलं होतं.

गाडी माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीतली, १९९९ ची. १.८ लिटरचं इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, दोनच सीट आणि डोक्यावर कापडी टप. वजन जेमतेम एक टन. चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हाच मागच्या चाकांवरच्या कडेला रंगाखाली दोन-तीन फोड होते. "वरवरचं आहे, घासून रंग मारला की झालं," असं विकणारा म्हणाला. मी ते मानलं, कारण मला ते मानायचं होतं. पुढच्या चार वर्षांत तिच्या इंजिनाचं, चाकांचं सगळं केलं. टाइमिंग बेल्ट, क्लच, चारही शॉक अब्सॉर्बर, नवे टायर. फोडांना मात्र दर वर्षी थोडा रंग फासण्यापलीकडे काही केलं नाही. हे लिहिताना आज वाईट वाटतं, कारण मी लावलेला क्रम नेमका उलटा होता.

आधी पाणी कुठून येतं ते शोधलं. या गाडीच्या कापडी टपाच्या मागच्या कडेखाली एक पन्हळ असते. टपावरून ओघळलेलं पाणी त्या पन्हळीत जमा होतं आणि सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांमधून गाडीखाली, मागच्या चाकांच्या जरा पुढे पडतं. व्यवस्था साधी आहे आणि चांगली आहे, फक्त नळ्या मोकळ्या असायला हव्यात. मी उजवीकडच्या नळीत तांब्याभर पाणी ओतलं. पाणी वर आलं, काठापर्यंत थांबलं आणि मग हळूहळू दिसेनासं झालं. गाडीखाली वाकून पाहिलं तर तिथे एक थेंब नाही. मग मी दार उघडून, उंबऱ्यावर दोन्ही हात टेकून गाडी जोरात हलवली. दाराखालच्या पत्र्याच्या आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज आला.

तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बंद डब्यात कोणीतरी पाणी भरून ठेवलंय असा. किती महिने, किती वर्षं ते तिथे साचत होतं कोण जाणे. पानांचा कचरा, धूळ आणि टपाच्या कापडाचे धागे यांचा घट्ट गोळा नळीच्या तोंडाशी बसला होता. आत जायला वाट नव्हती म्हणून पाण्याने शेजारची वाट धरली, आणि शेजारी होता सिल.

सिल म्हणजे दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची लांब पेटी. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये मजबुतीचा आणखी एक. छप्पर असलेल्या गाडीत वरचं छप्पर आणि खालची जमीन मिळून गाडी ताठ ठेवतात. उघड्या गाडीला छप्परच नाही. बुटांच्या खोक्याचं झाकण काढलं की खोका कसा पिळला जातो, तसंच ते आहे. झाकणाचं काम इथे सिलला करावं लागतं. त्यामुळे साध्या गाडीत सिल सडला तर तो दोष असतो, उघड्या गाडीत तो थेट कण्याचा दोष असतो.

फोडांबद्दलही तेव्हाच नीट समजून घेतलं. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं, मूळ धातूच्या कित्येक पट जागा गंज मागतो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर चिकटवलेले असतात तिथे ओल शिरली की गंज फुगत जातो, पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो आणि मग आणखी ओल आत येते. रंग सगळ्यात शेवटी उचलला जातो. म्हणजे बाहेर फोड दिसतो तेव्हा आतून पत्रा केव्हाच गेलेला असतो. मी चार वर्षं ज्याला सुरुवात समजून रंग लावत होते तो शेवट होता.

दुरुस्त करायची की सोडायची, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. माझ्या ओळखीत पत्र्याचं काम आयुष्यभर केलेले एक काका आहेत. त्यांना फोन केला. त्यांनी पहिलं काम सांगितलं ते गाडीला हात लावण्याचं नव्हतं.

"गाडी वर उचलायच्या आधी कागदावर लिही, काय निघालं तर सोडून देशील," ते म्हणाले.

"आधीच कसं लिहू, काका? काय निघेल ते कुठे माहीत आहे?"

"म्हणूनच आधी लिही. एकदा पत्रा उघडला ना, की माणूस प्रत्येक भोकासाठी काहीतरी कारण शोधतो. एवढं तर होणारच, एवढं तर चालतं. आणि मग काम अर्ध्यात येऊन उभं राहतं."

मी लिहिलं. बाहेरचा सिल आणि मागच्या मडगार्डच्या कडा कितीही सडल्या तरी चालेल, कारण ते भाग तयार मिळतात, कापून नवे जोडता येतात. आतला सिल थोडा गेला तरी चालेल, पण हाताच्या वितीहून जास्त नको. सस्पेन्शन आणि सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) जिथे बॉडीला बोल्टने बसतात त्या जागा शाबूत हव्यात. आणि पुढच्या रेल, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ तुळया, दोन्ही बाजूंनी गेल्या असतील तर गाडी सोडायची. तो कागद मी गाडीच्याच डॅशबोर्डमधल्या कप्प्यात ठेवला.

या गाडीची एक गोष्ट मनाला उभारी देणारी होती. पहिली एमएक्स-५ १९८९ मध्ये आली. दोन सीटची सगळ्यात जास्त खपलेली स्पोर्ट्स कार म्हणून २००० मध्ये तिची गिनेस बुकात नोंद झाली, तेव्हा आकडा होता ५,३१,८९०. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे ही काही दुर्मीळ वस्तू नाही, आणि या निर्णयात ते दोन्हीकडून लागू पडतं. भाग मिळतात, त्यामुळे दुरुस्ती शक्य आहे. पण तिच्यासारखी दुसरी गाडीही मिळते, त्यामुळे हीच वाचवलीच पाहिजे असं नाही. जगात शंभरच शिल्लक असतील अशा गाडीचा हिशेब पूर्ण वेगळा झाला असता.

रविवारी सकाळी काका आले. ताई दिवा धरायला आली होती. काकांच्या पिशवीत एक लोहचुंबक, एक छोटी हातोडी, जाड दांड्याचा जुना स्क्रू ड्रायव्हर, ड्रिलच्या बिटांचा डबा आणि फोनला जोडायचा लवचिक कॅमेरा. बस एवढंच.

लोहचुंबकाला त्यांनी पातळ कापड गुंडाळलं, रंगाला ओरखडा नको म्हणून, आणि तो दारापासून मागे सरकवत नेला. दारावर तो घट्ट चिकटत होता. डाव्या मडगार्डवर चाकाच्या कडेपासून चार बोटं वर आला तेव्हा पकड सैल झाली. उजवीकडे तर हातभर जागेत तो धरेचना, काकांनी हात सोडला आणि तो खाली पडला. तिथे पत्रा नव्हताच. पुट्टी होती, वरून उत्तम रंगवलेली. मी चार वर्षं ती बाजू जास्त चांगली समजत होते, कारण तिच्यावर फोड कमी होते.

मग हातोडी. चांगल्या पत्र्यावर ती टणटण वाजते. सडलेल्यावर आवाज मरतो, ओल्या लाकडावर मारल्यासारखा थप्प येतो. मी डोळे मिटून ऐकलं तरी फरक कळत होता. उजव्या सिलच्या मागच्या टोकाला थप्प, मधे टण, पुढे परत थप्प. काकांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"टोच."

मी हळूच टेकवला.

"अगं, टोच म्हणतोय मी. तुझ्या हाताने जे जातं ते गेलेलंच आहे. तू भोक पाडत नाहीयेस, असलेलं उघडतेयस."

जोर लावला. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि भोकातून तपकिरी पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पाण्यामागून गंजाचे पापुद्रे, काळा चिखल आणि स्पंजाचा एक तुकडा. आधीच्या कोणीतरी सिलच्या पोकळीत स्पंज कोंबून, त्यावर पुट्टी थापून रंग मारला होता. स्पंज पाणी धरून ठेवतो. सडलेल्या लोखंडाला कायम ओल मिळेल याची त्याहून पक्की सोय करता आली नसती. त्या माणसाबद्दल मला आजही राग आहे. त्याने कोणाची तरी, म्हणजे माझी, फसवणूक केलीच, पण जी गाडी वाचू शकली असती तिला त्याने मारलं.

आतल्या सिलपर्यंत पोचायला सीट आणि गालिचा काढावा लागला. तिथे जरा बरी बातमी होती. डावा आतला सिल पूर्ण टणक. उजवा मागच्या टोकाला बोटभर लांबीत पातळ झालेला, बाकी चांगला. माझी वितीची अट पाळली गेली. मी ताईकडे बघून हसले.

त्यानंतर दाराच्या फटीची परीक्षा. गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर असताना दाराची मागची कड आणि बॉडी यांच्यातली फट मोजायची, मग मागच्या जॅक लावायच्या जागेवरून एक बाजू उचलायची आणि तीच फट पुन्हा मोजायची. बॉडी ताठ असेल तर फट बदलत नाही म्हणण्याइतकीच बदलते. मोजायला काकांनी ड्रिलची बिटं वापरली. साडेचार मिलिमीटरचं बिट दोन्ही बाजूंना अगदी बरोबर बसत होतं. डावी बाजू उचलली, बिट तसंच बसलं. उजवीकडे जॅक लावायची नेहमीची जागा चुरगळलेलीच होती, म्हणून लाकडाचा ठोकळा ठेवून जरा आत टेकू दिला. चाक जमिनीवरून सुटलं आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात साडेचारचं बिट बसेना. सहाचं बसलं. दीड मिलिमीटर. डोळ्याला दिसणारही नाही एवढा फरक, पण गाडी कमरेत वाकत होती.

तरीही, इथपर्यंतचं सगळं माझ्या कागदात बसत होतं. मी मनातल्या मनात नवे सिल मागवलेसुद्धा होते.

उरल्या होत्या पुढच्या रेल. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी, रेडिएटरपासून मागे जमिनीच्या पत्र्यापर्यंत जाणाऱ्या चौकोनी पोकळ तुळया म्हणजे रेल. इंजिन, स्टीअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन ज्या सबफ्रेमवर बसतं ती या रेलना बोल्टने लटकते. समोरून धडक बसली तर तिचा मार आधी या तुळया घेतात. दुसऱ्या पिढीच्या गाडीत, १९९८ ते २००५ पर्यंतच्या, पुढच्या भागात या रेलच्या आत मजबुतीसाठी पत्र्याचा जास्तीचा थर आहे. हेतू चांगला होता. पण दोन थरांच्या मध्ये पाणी आणि चिखल अडकतो आणि रेल आतून सडत येते, बाहेरून शेवटपर्यंत धड दिसते. या पिढीच्या गाड्या सिलपेक्षाही रेलमुळे जास्त मरतात, आणि सौदा करताना मडगार्डचे फोड मोजणाऱ्या माणसाला रेल दिसतही नाहीत, कारण खाली प्लास्टिकचं आवरण असतं.

आवरण काढलं. रेलवर काळा डांबरी थर होता. जुन्या गाडीखाली नुकताच मारलेला जाड काळा थर दिसला की काका नाक मुरडतात. चांगल्या पत्र्यावर तो राखण करतो, गंजावर मारला तर ओल आत कोंडून ठेवतो, आणि विकायच्या आधी मारलेला असेल तर बहुधा काहीतरी झाकायलाच मारलेला असतो. तारेच्या ब्रशने खरवडलं. डावी रेल हातोडीखाली बरी वाजली. उजवीवर, अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) जिथे बसतो त्याच्या जरा पुढे, तळहाताएवढ्या जागेत थप्प. या वेळी स्क्रू ड्रायव्हर काकांनीच लावला. फार जोर लावावा लागला नाही.

मग कारखान्यातूनच असलेल्या भोकातून कॅमेरा आत घातला. फोनच्या पडद्यावर उजव्या रेलची आतली बाजू दिसली. पानांच्या थरांसारखे एकावर एक सुटलेले पापुद्रे, आणि त्यांच्यामधून एका जागी बाहेरचा उजेड. डावीत तपकिरी भुकटी होती, पण भिंत सलग दिसत होती.

कागदावर मी लिहिलं होतं, "दोन्ही बाजूंनी गेल्या असतील तर." गेली होती एक. मी ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहून ठेवलंय असं समजत होते, तो नेमका मधल्या जागी येऊन थांबला.

काकांनी काम होणार नाही असं म्हटलं नाही. रेलचे दुरुस्तीचे तुकडे मिळतात, ते त्यांनी पूर्वी लावलेही होते. पण नवा तुकडा जोडायला दोन्ही टोकांना चांगला जाड पत्रा लागतो. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंगची ठिणगी पडली की तो जोडला जाण्याऐवजी वितळून भोक मोठं होतं. म्हणून चांगला पत्रा लागेपर्यंत मागे मागे कापत जावं लागतं, आणि किती मागे ते कापल्याशिवाय कळत नाही. बंपर, रेडिएटर, अँटी-रोल बार उतरवायचे, इंजिनाला वरून आधार द्यायचा, सबफ्रेम खाली घ्यायची. कापण्याआधी बॉडी अशी बांधून ठेवायची की वेल्डिंगच्या उष्णतेने ती हलू नये, नाहीतर गाडी कायमची एका बाजूला ओढत राहते. दोन्ही बाहेरचे सिल आणि मडगार्ड यांना त्यांनी चाळीस तास धरले, उजव्या रेलला तीस. डाव्या रेलबद्दल विचारलं तर म्हणाले, "तिचं मी आत्ता बोलणार नाही."

वर रंगकाम वेगळं. सगळं मिळून गाडी मी ज्या किमतीला घेतली होती त्याच्या अडीच पट खर्च होत होता.

इंजिन मात्र ठणठणीत होतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजलं, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांच्यात पाच टक्क्यांचाही फरक नव्हता. हेच मला सगळ्यात जास्त छळत होतं. एवढं चांगलं इंजिन, वर्षभरापूर्वीचा क्लच, नवे शॉक अब्सॉर्बर, हे सगळं असताना गाडी सोडायची कशी? आठवडाभर मी हाच हिशेब वेगवेगळ्या पद्धतीने मांडत होते, आणि दर वेळी आधीच झालेला खर्च दुरुस्तीच्या बाजूला टाकत होते. तो तिथे टाकायचाच नसतो. तो पैसा दुरुस्ती केली तरी गेलेला आहे, नाही केली तरी गेलेला आहे. हे मला समजत होतं, पण पटत नव्हतं.

ताईने एका संध्याकाळी विचारलं, "तुला तिच्यातलं नक्की काय आवडतं गं?"

मी भराभर सांगितलं. गिअरचा दांडा, मनगट हलवलं की पडणारा. स्टीअरिंगमधून हाताला कळणारा रस्ता. चारही चाकांचं डबल विशबोन सस्पेन्शन, वळणावर गाडीला जमिनीला धरून ठेवणारं. इंजिनाचा आवाज. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी ती ॲल्युमिनियमची लांब चौकट, जिच्यामुळे ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर मागची चाकं उत्तर देतात.

"हे सगळं नटबोल्टचंच आहे ना?" ती म्हणाली.

मी गप्प झाले. खरंच होतं. मला आवडणारी एकही गोष्ट वेल्डिंगने जोडलेली नव्हती. ज्याच्यासाठी सत्तर तास आणि अडीच पट पैसा जाणार होता तो सांगाडा, आणि सांगाडा या लाखो गाड्यांमध्ये एकसारखा आहे.

त्या रात्री ठरलं. ही बॉडी दुरुस्त करायची नाही. ज्या गाडीची बॉडी कोरडी आणि टणक आहे पण इंजिन गेलंय, अशी दुसरी शोधायची. इंजिन बोल्ट सोडून निघतं आणि बोल्ट आवळून बसतं. गंज असा निघत नाही.

कागद कप्प्यातून काढून मी अट दुरुस्त केली, 'दोन्ही' खोडलं आणि 'एकही' लिहिलं. फाडून टाकला नाही.

शोधताना वर्ष सांभाळावं लागलं. २००१ च्या सुधारित गाड्यांमध्ये १.८ इंजिनाला व्हॉल्व उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा आली, त्यामुळे वायरिंग आणि इंजिनाचा कंप्युटर जुन्याशी जुळत नाहीत. माझं इंजिन ज्यात सरळ बसेल अशी त्याआधीचीच गाडी हवी होती. दोन महिन्यांत सात गाड्या पाहिल्या. आता मी इंजिन सुरू करायलाही सांगत नव्हते. चुंबक, हातोडी आणि कॅमेरा घेऊन थेट गाडीखाली शिरायचे. एका मालकाने टोचू दिलं नाही, त्याला नमस्कार करून मी परत फिरले. दोन गाड्यांच्या रेलमध्ये पुन्हा तेच पापुद्रे. एकीच्या सिलवर चुंबक धरेना.

या काळात इतर गाड्यांबद्दलही ऐकलं, तेव्हा बरं वाटलं की हे दुखणं एकट्या माझ्या गाडीचं नाही. पोर्शेने १९७५ च्या सुमारास ९११ ची बॉडी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची करायला घेतली, त्याआधीच्या ९११ आजही गंजासाठी कसून तपासतात. कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासून फायबरग्लासची आहे, तिला गंज चढूच शकत नाही, पण जुन्या कॉर्व्हेटची खालची लोखंडी फ्रेम सडते आणि वरून काहीच दिसत नाही.

आठवी गाडी २००० ची होती. तिचं इंजिन पाणी संपून तापलं होतं आणि बंद पडलं होतं. तीन वर्षं छपराखाली उभी. रंग उडालेला, टप फाटलेला, सीट उंदरांनी कुरतडलेल्या. दिसायला माझ्या गाडीपेक्षा कितीतरी वाईट. पण चुंबक मडगार्डच्या कडेपर्यंत चिकटला, सिल पुढून मागेपर्यंत टणटण वाजले, आणि कॅमेऱ्यात दोन्ही रेलच्या आत कारखान्यातला मूळ रंग दिसला. दाराची फट उचलण्याआधी चार, उचलल्यावर चार. काका हातोडी पिशवीत ठेवत म्हणाले, "घे."

इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, टायर, सीट, टप, सगळं या बॉडीतून त्या बॉडीत न्यायला सहा शनिवार-रविवार लागले. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, गंजलेले दोन बोल्ट तुटले एवढंच, आणि तेही जुन्या गाडीचेच. गाडीची ओळख सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाला चिकटलेली असते, इंजिनाला नाही, म्हणून कागदपत्रं नव्या गाडीचीच राहिली आणि त्यांत इंजिन बदलल्याची नोंद करून घेतली.

रिकामी झालेली जुनी बॉडी भंगारात जाण्याआधी काकांनी ग्राइंडर आणला. मीच म्हटलं होतं, आतून बघायचंय. उजवा सिल लांबीत उभा कापला. स्पंजाचे आणखी चार तुकडे निघाले. मजबुतीचा मधला पत्रा मागच्या अर्ध्या भागात नव्हताच, त्याच्या जागी तपकिरी गाळ साचला होता. मग उजवी रेल, तिच्यात नवं काही नव्हतं. शेवटी डावी.

डावी रेल बाहेरून वाजली होती. कॅमेऱ्यात भिंत सलग दिसली होती. काकांनी ती आडवी कापली आणि कापलेली कड माझ्यापुढे धरली. बाहेरचा पत्रा वरून अजून धड होता, म्हणून ती वाजत होती. कॅमेऱ्यात दिसलेली भिंत मजबुतीच्या थराची होती. त्या दोघांच्या मध्ये बोटाच्या जाडीचा गंज घट्ट भरला होता आणि त्याने दोन्ही पत्रे आतून खाल्ले होते. मी आतला थर दोन बोटांत धरून वाकवला. तो बिस्किटासारखा मोडला. मी तो तुकडा बराच वेळ हातात धरून बसले होते. उजवी रेल नवी करून मी याच्यावर इंजिन लटकवणार होते, आणि शेजारच्या सीटवर ताईला बसवणार होते.

नवी गाडी आता आठ महिने चालतेय. पावसाच्या आधी मी टप अर्धा उघडून, सीटच्या मागच्या नळ्यांमध्ये गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉनची दोरी हळूहळू घालून नळी मोकळी करते. मग तांब्याभर पाणी ओततं कोणीतरी, बहुतेक ताई, आणि मी गाडीखाली, मागच्या चाकाच्या जरा पुढे तळहात धरून बसते. आधी एक थेंब पडतो, मग धार लागते. आज ती स्वच्छ होती.